चाचणीचा फोन

नकल्याला खऱ्या नावाने हाक मारायची पाळी फक्त लायसन्सच्या कचेरीतल्या कारकुनावर यायची, आणि तोसुद्धा ते नाव चोरीचा माल सापडल्यासारखं वाचायचा. बाकी जगाला तो नकल्याच. शाळेत मास्तरांची नक्कल केली म्हणून छड्या खाल्ल्या, मग छड्या मारणाऱ्या मास्तरांची नक्कल केली म्हणून पुन्हा खाल्ल्या. तेव्हा चिकटलेलं नाव कानशिलं पांढरी झाली तरी सुटलं नव्हतं.

धंद्याने तो ड्रायव्हर. आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेची पांढरी व्हॅन चालवायचा. संस्था म्हणजे जुन्या छापखान्याच्या वरचा मजला. पुढे साहेबांची खोली, मध्ये टेबलं, आणि अगदी मागे, जिन्याच्या खडखडाटापासून लांब, फोनची खोली. ज्यांना जगणं नकोसं झालंय त्यांचे फोन तिथे पाळीपाळीने घेतले जायचे. व्हॅनमध्ये गुंडाळलेले फलक, फोन नंबर छापलेल्या कार्डांची खोकी, घडीच्या खुर्च्या, आणि तापला की मांजरासारखा गुरगुरणारा एक प्रोजेक्टर.

साहेब आकडेवारीतले. चष्म्याची दांडी चघळत म्हणायचे, 'आकडा बोलतो हो. आपल्याला कान नाहीत, पण आकडा बोलतो.' नकल्याला चष्मा नव्हता, तरी तो दांडी चघळून दाखवायचा आणि बघणाऱ्याला दांडी दिसायची.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. कुठल्या वस्तीत, कुठल्या वयात, परीक्षेच्या आधी की निकालानंतर, नोकरी लागताना की सुटताना माणसं जीव द्यायला निघतात, हे कळलं तर मदत नेमकी तिथे पोचवता येईल. पण हे ज्यांना ठाऊक, त्यांच्या तोंडाला कुलूप. साहेब एकेका ऑफिसात जाऊन बसायचे, आणि प्रोजेक्टर सांभाळत मागे उभा असलेला नकल्या सगळं कानात भरून घ्यायचा. परतताना व्हॅनमध्ये त्याचा प्रयोग लागायचा.

आधी कॉलेजचे प्रिन्सिपॉल, घसा खाकरून: 'आमच्याकडे असा प्रकार नाही. एकही नाही. म्हणजे एक झाला, पण तो सुट्टीत झाला. सुट्टीतला आमच्यात कसा धरणार?'

मग कारखान्याचे मॅनेजर, पेनाचं टोपण उघडझाप करत: 'कामगार आमचाच, नाही कशाला म्हणू. पण जे झालं ते गेटच्या बाहेर. गेटच्या बाहेरचं आमच्या गळ्यात नका घालू.'

शेवटी इस्पितळातल्या बाई, खालच्या पट्टीत: 'आम्ही अपघात म्हणतो. घरच्यांनाही तेच बरं वाटतं.'

ताई हसता हसता फलकांवर आडवी व्हायची. साहेबही हसायचे आणि म्हणायचे, 'अरे नकल्या, मेलेल्यालासुद्धा कोणी आपला म्हणत नाही बघ.'

ही ताई म्हणजे संस्थेची शिकवणारी. वयाने नकल्यापेक्षा लहान, पण तिला सगळे ताईच म्हणायचे आणि ती त्याला दादा म्हणायची. शाळा, कारखाने, हॉस्टेलं, पोलीस चौक्या, जिथे बोलावतील तिथे जाऊन ती लोकांना एकच गोष्ट शिकवायची: विचारायचं कसं. त्यासाठी सराव घ्यायची. एकाने त्रासलेला माणूस व्हायचं, दुसऱ्याने त्याला विचारायचं. पूर्वी हॉलमधल्याच कोणाला तरी त्रासलेला करत, पण तो हसत सुटायचा किंवा खरोखर रडत बसायचा. एकदा वैतागून ती म्हणाली, 'दादा, तुम्ही बसता का हो?' नकल्या बसला. बोलायला लागला आणि हॉलमधल्या माणसांचे हातातले पंखे थांबले. त्या दिवसापासून ते कामही त्याच्याकडे आलं.

विचारणाऱ्यांची मात्र त्रेधा उडायची. एखादा आडदांड फोरमन त्याच्यासमोर बसून घाम पुसत म्हणायचा, 'म्हणजे तुमच्या मनात ते... तसलं... काहीबाही...'

'काहीबाही काय?' ताई मागून म्हणायची. 'शब्द उच्चारा. आत्महत्येचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. असला तर बाहेर येतो. मग गप्प बसून ऐकायचं. उपदेश नको. बायकोमुलांकडे बघ म्हणून दम देणं नको. एकट्याला सोडायचं नाही आणि पुढच्या मदतीपर्यंत हाताला धरून पोचवायचं.'

नकल्याला हे सगळं पाठ होतं, ताईच्या श्वासांसकट.

त्याच्या या कसबाचा साहेबांनी आणखी एक उपयोग शोधला. फोनच्या खोलीतली माणसं फोन कसे घेतात ते कळावं म्हणून ते अधूनमधून त्याला बाहेरून फोन करायला लावायचे. कधी तो थरथरता म्हातारा व्हायचा, कधी परीक्षेत बुडालेला पोरगा, कधी दार लावून कुजबुजणारी सून. फोन करणाऱ्याचा नंबर तिथे दिसत नसे, म्हणजे माणूस मोकळा बोलतो. बोलणं संपलं की तो आपल्या आवाजात म्हणायचा, 'पास.' कोणी उपदेश केला असेल तर, 'नापास, चहा पाजा.' याला चाचणीचा फोन म्हणत. त्या दिवशी ऑफिसात भलती मजा यायची.

सगळ्यात जास्त वेळा पास झालेली आत्या. ही निवृत्त नर्स, पहाडी आवाजाची, कोणाची सख्खी आत्या नाही पण सगळ्यांची आत्या. तिच्या तोंडात 'मेल्या' हा शब्द बसलेला. साहेबांनी एकदा हळूच सांगितलं, 'आत्या, आपल्या ऑफिसात तो शब्द बरा दिसत नाही हो.' आत्या म्हणाली, 'नाही म्हणणार,' आणि बाहेर येऊन नकल्याला म्हणाली, 'ऐकलंस का मेल्या, तुला मेल्या म्हणायचं नाही.'

असा सगळ्यांना हसवणारा हा माणूस वर्षभरापासून झोपला नव्हता.

म्हणजे डोळा लागायचा, पण पहाटे कोणीतरी हलवल्यासारखा उघडायचा आणि मग छताकडे बघत पडायचं. त्याचा थोरला भाऊ आजारपणात गेला, तेव्हापासून हे सुरू झालं. वडिलांच्या मागे भावानेच त्याला वाढवलं होतं, गाडी शिकवली होती. भावाचा आवाज त्याला हुबेहूब यायचा. एकदा एकटा असताना काढून पाहिला. पुन्हा काढला नाही.

त्यावर डोळ्यांचं आलं. व्हॅनचा डावा आरसा एका खांबाला घासला, तो म्हणाला खांबच पुढे आला. दुसऱ्यांदा घासला तेव्हा मात्र तो गुपचूप डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण होता, भरभर बोलला. डोळ्यांच्या आत दाब वाढलाय, नस सुकत चाललीय, कडेचं दिसणं गेलंय, डाव्या बाजूचं जास्त. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला थेंब घालायचे. 'आणि गाडी बंद करा,' असं तो जाता जाता म्हणाला, जसं कोणी म्हणावं की दार लोटून घ्या.

थेंबाची बाटली नकल्याने पान्यांच्या पेटीत लपवली. गाडी काही बंद केली नाही. मान कोंबडीसारखी इकडून तिकडे फिरवत चालवायला लागला. ताईला वाटलं नवीन नक्कल आहे. 'कोण हे, कारखान्याचे मॅनेजर?' तिने विचारलं. तो म्हणाला, 'ओळखलंत.'

मग एकदा शाळा सुटायच्या वेळी डावीकडून सायकलवर एक मुलगी आली. ती आली असं तो नंतर म्हणायचा. त्याच्यासाठी ती एकदम समोर उगवली. ब्रेक लागला. मुलगी त्याला जीभ दाखवून निघून गेली. नकल्या गाडी बाजूला घेऊन रस्ता रिकामा होईपर्यंत बसून राहिला. त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण नसलेलं बरं. पहिल्यांदा तो विचार पाहुण्यासारखा आला, लाजत, दारात उभा राहिला. पुढे पुढे घरातल्यासारखा येऊन पाय पसरून बसायला लागला. गाडीविना मी कोण, बायकोच्या गळ्यात धोंडा, एवढंच तो विचार बोलायचा, पण फार पटवून बोलायचा.

सांगायचं कोणाला? ज्या ऑफिसात दिवसभर हेच ऐकतात तिथे तोंड उघडायचं, तर सगळे आधी हसण्याची तयारी करून बसलेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा पेटवणाऱ्यांतला एक तो स्वतः. घरी बायको कपड्यांच्या दुकानात मापं कमीजास्त करायचं काम करून थकून यायची. 'अहो, हसत नाही हल्ली,' असं ती एकदा म्हणाली. त्याने लगेच तिच्या दुकानाच्या मालकाचा आवाज काढला. ती हसली. विषय संपला.

मग एक दिवस एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात प्रशिक्षण होतं. मागच्या सत्रात तिथे एक विद्यार्थी गेला होता, म्हणूनच बोलावलं होतं, पण त्याचा उल्लेख करू नका अशी विनंती प्रिन्सिपॉलनी गाडीपाशी येऊन केली होती. हॉलमध्ये शिक्षक, हॉस्टेलचे रेक्टर, ग्रंथालयातल्या बाई, वॉचमन असे सगळे बसले. पंखे करकरत होते. ताईने फळ्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या.

'हे दादा. यांची नोकरी गेली आहे असं समजा. रेक्टर सर, या, विचारा.'

रेक्टर जाडजूड, घाबरट. शर्टाची बाही चुरगळत समोर बसले. नकल्याने नेहमीची सुरुवात केली, खांदे पाडले, नजर जमिनीवर. नेहमीची वाक्यं जिभेच्या टोकावर होती. पण तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

'मला कडेची माणसं दिसत नाहीत सर. रस्त्यात एक मुलगी येते आणि ती आली हेच मला कळत नाही. घरी सांगितलं नाही. सांगून काय करणार? ज्याच्याजवळ जाऊन बसायचो तो भाऊ गेला. पहाटे डोळा उघडतो, तेव्हा वाटतं, आपण उगाच जागा अडवून बसलोय.'

रेक्टरांनी एकदा ताईकडे पाहिलं, मग सगळा धीर गोळा करून म्हणाले, 'तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?'

'येतो. रोज येतो.'

रेक्टरांचे डोळे भरले. ते पुढे झुकले, काही बोलणार एवढ्यात ताई म्हणाली, 'इथे थांबूया. फार छान विचारलंत सर.' आणि टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. ग्रंथालयातल्या बाई पदराने डोळे टिपत शेजारणीला म्हणाल्या, 'काय काम करतो गं हा. नाटकात हवा होता.' रेक्टर नकल्याचा हात हातात घेऊन हलवत राहिले. 'मला खरंच वाटलं हो. अगदी खरं वाटलं.'

'दादा, आज अंगावर काटा आला,' ताई कानाशी म्हणाली. 'कुठून सुचलं हे?'

'असंच,' नकल्या म्हणाला.

पुढे हॉलमध्ये स्लाइड सुरू झाल्या. त्याचं काम संपलं होतं. तो मागच्या दाराने बाहेर पडला आणि व्हॅनमध्ये येऊन बसला. दुपारचं ऊन काचेवर आलं होतं. खोक्यातून त्याने एक कार्ड काढलं. नंबर पाठ होता, तरी कार्डावर बघत बघत लावला.

'नमस्कार. बोला, मी ऐकतेय.'

आत्या होती. नकल्याने आपला आवाज काढायला तोंड उघडलं, आणि त्याला तो सापडेना. इतके आवाज ठेवलेल्या घशात स्वतःचा कुठे ठेवला होता कोण जाणे. घाईघाईत हाताला लागला तो बाहेर आला: थरथरता म्हातारा.

'बाई, मी... एक म्हातारा माणूस बोलतोय.'

पलीकडे आत्याने नाकातून हलकेच सोडलेला श्वास त्याला ऐकू आला, हसू दाबताना सोडतात तसा. तिने ओळखलं होतं. पुढचा आवाज आला तो कापसासारखा मऊ. तो तिचा परीक्षेचा आवाज. नकल्याला तोही काढता यायचा.

'बोला आजोबा. सावकाश बोला. कशानं त्रास होतोय?'

'सगळ्यानेच. झोप नाही. नजर गेली. माझ्यामुळे कोणाचा तरी जीव जाईल, त्यापेक्षा...'

'हे तुम्ही सांगताय, याला फार धीर लागतो. आजोबा, तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?'

किती स्वच्छ विचारलं तिने. ना अडखळली, ना घुटमळली.

'येतो.'

'काही ठरवलं आहे का तुम्ही?'

'ठरत आलंय.'

'आत्ता जवळ कोण आहे?'

'कोणी नाही.'

'मी आहे. फोन ठेवू नका. आपण दोघं मिळून बघू, कोणाला बोलावता येईल.'

सगळं बरोबर होतं. एकही शब्द चुकला नव्हता. शिकवलेल्या क्रमाने एकामागून एक प्रश्न येत होते, आणि त्यातला एकही त्याच्यासाठी नव्हता. दोन प्रश्नांच्या मध्ये कुठे फट सापडली तर तिथून बाहेर यावं म्हणून तो थांबला. तेवढ्यात तिच्या मागे कोणीतरी खुदकन हसलं. आत्याने त्या माणसाला गप्प केलं आणि तिचा नेहमीचा आवाज आला.

'झालं का आजोबा? काही राहिलं असेल तर सांगा, नाहीतर पास म्हण मेल्या, माझा चहा निवतोय.'

नकल्या म्हणाला, 'पास.'

'किती मार्क?'

'पैकीच्या पैकी.'

खोलीतला हशा त्याला ऐकू आला, मग फोन बंद झाला.

किती वेळ गेला कळलं नाही. प्रशिक्षण सुटलं, माणसं बोलत बाहेर पडली, रेक्टरांनी लांबून हात केला. त्यानेही केला. यंत्रासारखे फलक गुंडाळले, खुर्च्या आत टाकल्या. ताई डाव्या बाजूने चढली, पट्टा लावला, दुखणारे पाय बुटांतून काढले आणि बोलायला लागली.

'दादा, प्रिन्सिपॉल पाघळले बरं का. म्हणाले, त्या मुलाची माहिती साहेबांना देतो. तुमच्यामुळे. चला, निघूया.'

नकल्याने किल्ली लावली. डावीकडे मान वळवली. आरसा दिसायच्या आधी ताई दिसली, पायाची बोटं मोडत बसलेली, निवांत. आणि येताना वाटेत, एका वळणावर, आपण काय विचार करत होतो ते त्याला आठवलं. तेव्हाही ही इथेच बसली होती. त्याने किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

'ताई, ही घ्या.'

'मला कुठे गाडी येते?'

'म्हणूनच घ्या. मी चालवणार नाही.'

ती हसली. 'संप का? हा कोणाचा आवाज? मला ओळखूच येईना.'

'कोणाचा नाही. मला कडेचं दिसत नाही, ताई. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय. आणि मघाशी आत जे बोललो ते सगळं माझं होतं. शेवटचंसुद्धा.'

ताईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, वाळत घातलेलं कापड आत घ्यायचं विसरावं तसं. मग ती भराभर बोलली, 'असं काय बोलता दादा, वहिनींकडे बघा, घराकडे बघा, असा विचार करायचा असतो का...' आणि मध्येच थांबली. हॉलमागून हॉल ज्याला चूक म्हणून सांगत आली, तेच तिच्या तोंडून निघालं होतं. तिने किल्ली घेतली, मूठ घट्ट मिटली.

'चुकलं माझं,' ती म्हणाली. 'मी घाबरले. दादा, तुमच्या मनात आत्महत्येचा विचार आहे का? आत्ता?'

'आहे.'

कुठे आणि कसं, तेही तिने विचारलं. त्याने सांगितलं. ते त्या दोघांतच राहू दे. मग तो बोलतच गेला, भावाचं, थेंबांचं, सायकलवरच्या मुलीचं. आवाज बसका होता, वाक्यं अर्धवट राहत होती, एकच गोष्ट तीनतीनदा येत होती. त्यात ऐकायला मजा काहीच नव्हती. ताई अनवाणी पायांनी तशीच बसून ऐकत राहिली. मध्ये वॉचमन येऊन काचेवर टकटक करून गेला. गाडी काढा, प्रिन्सिपॉलसाहेबांची गाडी अडकलीय. तिने काच खाली केली आणि म्हणाली, 'अडकू दे.'

थोड्या वेळाने तिने ऑफिसात फोन लावला. संस्थेला मदत करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना आजच भेटायचं आहे असं कळवलं, कोणासाठी तेही सांगितलं. पलीकडे आत्या होती.

'त्याला फोन दे,' ती म्हणाली.

'आत्या,' नकल्या म्हणाला.

'मघाचा फोन चाचणीचा नव्हता.'

'नव्हता.'

'तूच आहेस हे मला पहिल्या शब्दाला कळलं. मग बाकीचं काही कळलंच नाही.' तिचा पहाडी आवाज चिरकला. 'पास म्हण म्हणाले मी तुला.'

'तुमचं चुकलं नाही आत्या. सगळं बरोबर विचारलंत.'

'खड्ड्यात गेलं ते बरोबर,' आत्या म्हणाली. 'मी डॉक्टरांना सांगून ठेवते. तू ताईजवळून हलू नकोस. हललास तर...' तिने फोन ठेवला नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला, शेवटी ताईनेच फोन परत घेतला.

'वहिनींना बोलावते,' ताई म्हणाली.

'नको.'

'तुम्हाला विचारून बोलावतेय दादा, चोरून नाही. कोणीतरी घरचं हवं. का नको?'

त्याने खांदे उडवले. ताईने ते होकारार्थी धरलं.

बायको बसने आली. गळ्यात मापाची पट्टी तशीच, कॉलरला टाचण्या. व्हॅनच्या उघड्या दारापाशी येऊन आधी तिने नवऱ्याला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं, कुठे लागलंबिगलं नाही ना म्हणून.

'अहो, काय झालं? ताईंनी फोनवर नीट सांगितलं नाही.'

ताई खाली उतरून थोडी बाजूला उभी राहिली. नकल्याने घसा साफ केला. 'त्याचं असं आहे हो,' तो म्हणाला आणि त्यालाच ऐकू आलं की साहेब बोलतायत.

'साहेबांना घरी पाठवा,' बायको म्हणाली. 'तुम्ही बोला.'

तो बोलला. डोळ्यांचं आधी, कारण ते सोपं होतं. मग दुसरं. दुसरं सांगताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ती व्हॅनच्या पायरीवर बसली. कॉलरच्या टाचण्या एक एक काढल्या आणि पुन्हा एक एक खोचल्या.

'जगाचे आवाज काढता,' ती म्हणाली. 'मला एक वाक्य सांगायचं तर घसा बसला?'

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

'रोज शेजारी झोपते मी. कधीपासून आहे हे?'

'झाले बरेच दिवस.'

'बरेच म्हणजे? मी तुमच्यावर डाळ करपली म्हणून चिडले होते, तेव्हा होतं?'

'होतं.'

तिने तोंड फिरवलं. ती रडली नाही, पण पट्टीचं टोक हाताला गुंडाळत राहिली, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली. ताईला या जागेसाठी काही शिकवलेलं नव्हतं.

'थेंब कुठे आहेत?' बायकोने एकदम विचारलं.

त्याने पान्यांच्या पेटीतून बाटली काढली. तिने ती ग्रीसचा डाग पुसून आपल्या पिशवीत टाकली. 'उद्यापासून मी घालणार. आणि राग मला आलाय, तो एवढ्यात जायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. चला, कुठला तो डॉक्टर.'

व्हॅन तिथेच गेटात सोडून तिघं निघाली. प्रिन्सिपॉलांची गाडी मागून हॉर्न वाजवत होती. ताईने बूट घातले, पुढे होऊन डॉक्टरांच्या मदतनिसाशी फोनवर बोलू लागली. मागे हे दोघं. बसथांब्यापर्यंतचा रस्ता गर्दीचा होता, ऑफिसं सुटली होती, माणसं आपापल्या घाईत खांद्याला खांदा घासून जात होती. नकल्या मान फिरवत, पाऊल चाचपत चालत होता.

'कुठल्या बाजूचं दिसत नाही?' बायकोने विचारलं.

'दोन्हीकडचं. डावं जास्त.'

ती त्याच्या मागून वळसा घालून डावीकडे आली. तेवढ्यात एक सायकलवाला घंटी वाजवत अगदी जवळून गेला. नकल्याला तो दिसला नाही. बाही ओढली गेली एवढंच कळलं. बायकोने बाही सोडली नाही.

'पुढे बोला,' ती म्हणाली. 'पहाटे जाग येते, मग?'

'मग छताकडे बघतो.'

'आणि?'

तो सांगू लागला. रस्त्याच्या आवाजात त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि बस येईपर्यंत तिने त्याला दोनदा विचारलं, 'काय? पुन्हा सांगा.' त्याने पुन्हा सांगितलं.